नऊ घरांची तार

सेल्विक, विनिपेग सरोवर
३ नोव्हेंबर १९५७

चि. रूना हिस लौगामावशीचे अनेक आशीर्वाद.

फोन का करत नाहीस म्हणून रागावली आहेस, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. करून काय करू? एकाच तारेवर आम्ही नऊ घरं. माझी घंटी वाजली, एक लांब आणि दोन आखूड, की आठही घरांत ती वाजते आणि आठही घरांत फोन उचलला जातो. जितके कान जास्त, तितका आवाज क्षीण. शेवटी आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही आणि बाकी गावाला पाठ होतं. शेजारच्या बर्गाचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. ती श्वास रोखून ऐकते, पण तिच्या भिंतीवरचं घड्याळ काही श्वास रोखत नाही. त्याची टिकटिक आणि ठोके साऱ्या तारेभर ऐकू येतात. अर्थात तिला तसं कुणी म्हणत नाही. ऐकावं, पण ऐकलं असं कधी म्हणू नये, हा आमचा जुना रिवाज. म्हणून हे पत्र.

काठाला बर्फ धरू लागलंय. दोन्ही गाई बऱ्या आहेत. तुझी ताई डीसा बुधवारी आली होती, मनगटाला फडकं बांधून. मासेमारीच्या जाळ्यांच्या खोपटात पाय घसरला म्हणाली. मी मलम लावलं, साखरेचा खडा दातांत धरून दोघींनी कॉफी घेतली. तिचा नवरा बाल्डी तापट आहे हे काही नवीन नाही, पण तो कामसू आहे, बर्फावर दगड सरकवणाऱ्या कर्लिंगच्या संघाचा कप्तान आहे, गावात त्याला मान आहे. थोडं सांभाळून घे, असं मी तिला सांगितलं. त्यांची लीना आता चार वर्षांची झाली, माझ्या स्वयंपाकघरात क्लेनूरच्या गोड पिळ्या तळताना मध्येमध्ये लुडबुडते.

तुझ्या वॉर्डातल्या त्या उंच डॉक्टरचं पुढे काय झालं ते लिही. बर्गाला सांगणार नाही.

लोभ आहेच, पत्रांचा पुरवठा तेवढा कमी पडतो.
तुझी, लौगामावशी

•

विनिपेग
११ नोव्हेंबर १९५७

ति. लौगामावशीस रूनाचा सा. न. वि. वि.

डॉक्टरचं राहू दे. मनगटाचं बोलू.

मी रोज हाडं बघते, मावशी. घसरून पडलेला माणूस तळव्यावर पडतो. फडकं मनगटाच्या वर, कोपराच्या बाजूला होतं की नाही, ते आठवून लिही. तिथलं हाड पडून मोडत नाही, पिळल्यावर मोडतं. गेल्या ईस्टरला तिच्या कानामागे पिवळा डाग होता, तेव्हाही ती खोपटातच घसरली होती. ते खोपट इतकं निसरडं असेल तर बाल्डी त्यात कधीच कसा घसरत नाही?

आणि सांभाळून घे म्हणालीस? काय सांभाळायचं? तो दगड सरकवण्यात पटाईत आहे म्हणून तिने हाड मोडून घ्यायचं का? आई गेली तेव्हा तू आम्हा दोघींना घरी आणलंस. मी नऊ वर्षांची होते आणि डीसा बारा. तेव्हा तू कुणाला विचारत बसली नाहीस. आता का विचारतेस?

माझ्या खोलीत दुसरी खाट मावते. तिला आणि लीनाला बसमध्ये बसवून दे. ती तुझंच ऐकेल, माझं पत्र तो आधी वाचतो. आणि तिने कधी हाक मारली तर हातातलं टाकून जा. एवढं वचन दे.

तुझ्यावर लोभ आहे म्हणून रागावते.
रूना

•

विनिपेग
१८ डिसेंबर १९५७

ति. लौगामावशीस सा. न.

पोहोचले. बसमध्ये सहा तास काचेबाहेर बघत बसले, काय बघितलं ते आठवत नाही. दोन दिवस लाकडं जाळून जमीन मऊ करावी लागली, तेव्हा कुठे तिची कबर खणता आली. तो धूर अजून माझ्या कोटाला येतो.

डीसाला शेवटची अंघोळ मी घातली, ते तुला बघवलं नाही आणि तू बाहेर गेलीस. म्हणून लिहिते. तळघराच्या पायऱ्यांवरून पडलेल्या बाईच्या गळ्यावर बोटांचे ठसे नसतात. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. पोलिसाला मी हात धरून आणलं आणि मोजून दाखवलं. त्याने बाल्डीला धरलं खरं, पण काल मला फोनवर सांगितलं की तो ठामपणे म्हणतो, रविवारी दीडपासून चारपर्यंत मी कर्लिंगच्या बर्फावर होतो. संघातले दोघं दोस्त त्याला हो म्हणतात. ठसे कुणाचेही असतील, असं त्याचा वकील म्हणतोय. पाद्रीबुवांनी तर प्रवचनात अपघात हाच शब्द तीनदा वापरला.

आता हे ऐक. पोलीस घरात शिरला तेव्हा फोन दोरीला लोंबकळत होता. म्हणजे तिने कुणाला तरी फोन लावला होता. सेंट्रल एक्स्चेंजची बाई म्हणते, तिच्याकडे काही आलं नाही. म्हणजे तारेवरच्याच कुणाला तरी. मग घंटी नऊ घरांत वाजली असणार. आणि आठही घरं म्हणतात, घंटी वाजलीच नाही. एका घराने खोटं बोलणं मी समजू शकते. आठ घरांनी एकच खोटं बोलायला काय, आदल्या रात्री बैठक घेतली होती का?

तू गोठ्यात होतीस असं म्हणालीस. रविवारी भर दुपारी तू गोठ्यात कधीपासून जायला लागलीस? बहुतेक माझ्या लक्षात राहत नाही.

लीनाला पापा.
रूना

•

सेल्विक
२९ डिसेंबर १९५७

चि. रूनास अनेक आशीर्वाद.

थंडी इतकी आहे की पंपाचा दांडा हाताला चिकटतो. लीना माझ्याजवळच आहे. जेवते बरी, झोपते कमी. घरी कधी जायचं असं तिने पहिले चार दिवस विचारलं, आता विचारत नाही. तेच जास्त वाईट वाटतं.

बाल्डीची आई स्टेफानिया हिने नाताळाला विनारतेर्ता केक पाठवला. सातही थर अगदी सारखे, मधे आलुबुखाराचा मुरंबा. मी तो कोंबड्यांना घातला. बर्गा दारावरून जाते, आत येत नाही.

शेजारणींना नावं ठेवतेस, पण तू शहरात राहतेस. इथे फोनवर कान लावला असं कबूल करणं म्हणजे दुसऱ्याच्या कपाटात हात घातला असं कबूल करणं. वर पुढचा प्रश्न येतोच, ऐकलंस तर गेली का नाहीस. त्याला कुणाकडे काय उत्तर आहे? पोलिसाला मी गोठ्यात असल्याचं सांगितलं आहे. गाय अडली होती. आता पुन्हा पुन्हा ते उकरून डीसा परत येणार नाही.

तू नीट जेवत जा. रात्रपाळ्या कमी घे.

माया कमी झालेली नाही, शब्द कमी पडतात.
लौगामावशी

•

विनिपेग
१९ जानेवारी १९५८

ति. मावशीस सा. न. वि. वि.

सरकारी वकिलांना भेटून आले. माणूस सरळ आहे, आडपडदा न ठेवता बोलला. म्हणाला, त्या दुपारी बाल्डी घरी होता असं सांगणारं एक माणूस मला आणून द्या. तसं कुणी नसेल तर मार्चमध्ये ज्यूरी दोन दोस्तांवर विश्वास ठेवील आणि तो सुटेल. सुटला की बाप म्हणून लीनावर पहिला हक्क त्याचा. तुझ्या दारात येईल, टोपी काढून तुला नमस्कार करील आणि तिचा हात धरून घेऊन जाईल. त्याच घरात, त्याच पायऱ्यांशी.

मला झोप लागत नाही ती रागाने. सगळ्या त्या चांगल्या बायका. कुणाकडे बाळंतपण असलं की सूप घेऊन आधी हजर, चर्चच्या विक्रीला मोजे विणून देणाऱ्या, एकमेकींना न विचारता एकमेकींच्या गाईचं दूध काढणाऱ्या. डीसाच्या कबरीवर त्यांनी किती रडून घेतलं, बघितलंस ना? आणि तिचा जीव जात होता तेव्हा त्या हातात फोन धरून उभ्या होत्या. त्यांना भीती कसली, तर आपण चोंबड्या ठरू याची. म्हणजे चोंबडेपणा करायला लाज नाही, कबूल करायला आहे.

तिने ज्या घराची घंटी वाजवली, त्या घरातल्या बाईचं नाव मला कळलं पाहिजे. डीसाने आठांतून तिला निवडलं होतं. तिने ते ऐकून फोन ठेवला असेल, तर बाल्डीत आणि तिच्यात मी फरक करत नाही. तू त्यांच्यात राहतेस. शोधून काढ.

लोभ आहे, पण तो सध्या रागाच्या खाली सापडला आहे.
रूना

•

सेल्विक
२ फेब्रुवारी १९५८

चि. रूना,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. हे पत्र वाचून झाल्यावर तुला हवा असेल तर घे.

मंगळवारी लीना चुलीपाशी खेळत होती. लाकडी डाव कानाला लावून गप्प उभी होती. बराच वेळ. मग तिने डाव हळूच खाली ठेवला, आवाज न करता. काय खेळतेस म्हणून विचारलं. म्हणाली, मोठ्या बायकांसारखं करतेय. ती त्या दुपारी घरातच होती, रूना. पलंगाखाली. लोंबकळणाऱ्या फोनमधून कुणीतरी श्वास घेत होतं, ते तिने ऐकलं आहे.

गाय अडली नव्हती. मी स्वयंपाकघरात होते, चुलीवर कॉफी होती. एक लांब, दोन आखूड वाजली. माझी. मी उचलला. खटखट करून बाकीचे उचलले गेले. बर्गाचं घड्याळ आलं, आणि स्टेफानियाचा दमेकरी श्वासही मला ओळखू आला. डीसाने मावशी अशी हाक मारली, आणि मग इतका बारीक आवाज की फक्त दार एवढाच शब्द कळला. एरवी म्हणते तसं मी हसून म्हटलं, बायांनो, ठेवा ग, मला माझ्या मुलीचं ऐकू द्या. कुणीच ठेवला नाही. तेवढ्यात बाल्डी फोनवर आला. गोड आवाजात म्हणाला, मावशी, तिचं डोकं दुखतंय, काहीतरी बडबडते आहे, मी तिला कॉफी करून देतोय. त्याच्या मागून डीसा ओरडली. ते स्पष्ट ऐकू आलं.

"मावशी, ठेवू नकोस."

बर्गाच्या घड्याळात तीनचे ठोके पडले. आणि मी ठेवला.

का, ते मी आठ आठवडे स्वतःला विचारते आहे. बाल्डीची भीती वाटली नव्हती. आपल्या घरचं सगळी तार ऐकते आहे, याची लाज वाटली. डीसापेक्षा मला त्या कानांचं जास्त पडलं होतं. मी फोन ठेवला म्हणजे तमाशा संपला, असं वाटलं. संध्याकाळी धार काढून झाली की चक्कर टाकू म्हणून मी कॉफी प्यायले. पाऊण मैल अंतर. धावत वीस मिनिटं नाही लागत. साडेचारला मला सांगायला आले.

तू ज्या बाईचं नाव विचारलंस, ती मी.

काल सकाळी दहाला मी फोनचा दांडा धरला आणि आग लागल्यावर फिरवतात तसा सलग फिरवत राहिले, खांदा भरून येईपर्यंत. डीसाचं घर रिकामं, बाकीच्या सातही घरांनी उचलला. मी म्हटलं, लौगा बोलते आहे, आग नाही. डीसाने मला फोन केला होता आणि बाल्डी घरी होता, हे मी कोर्टात जाऊन सांगणार आहे. मी ठेवला तेव्हा तुम्ही कुणी ठेवला नव्हता, म्हणजे पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी या. बोलता बोलता माझाच आवाज मला बारीक ऐकू येत होता, त्यावरून कळलं की सगळ्या आहेत. कुणी ठेवला नाही. मग बर्गा खाकरली आणि म्हणाली,

"लौगा, माझं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे. तेवढं वजा करून सांग."

आयुष्यात पहिल्यांदा ती तारेवर बोलली.

लीना बरी आहे. तिला तू नेलंस तरी मी अडवणार नाही.

लौगा

•

विनिपेग
८ फेब्रुवारी १९५८

पत्र मिळालं.

सरकारी वकिलांना तुझं आणि बर्गाचं नाव कळवलं आहे. पोलीस पुन्हा जबानी घ्यायला येईल. पहिल्या वेळी खोटं का सांगितलं असं विचारील, तेव्हा मला लिहिलंस तेच सांग. गाय मधे आणू नकोस.

खटला संपला की लीनाला न्यायला येईन. तिचे गरम कपडे वेगळे काढून ठेव.

आणखी काही लिहायला बसले तर असं काही लिहीन की जे पुसता येणार नाही.

रूना

•

सेल्विक
३० मार्च १९५८

चि. रूना हिस,

तुझी रजा मंजूर झाली नाही म्हणून तू खटल्याच्या शेवटच्या दोन दिवसांना नव्हतीस. वर्तमानपत्रात आलं ते अर्धवट आहे, म्हणून मी पाहिलं तसं लिहिते.

बाल्डीच्या वकिलाने मला दीड तास उभं केलं. दुसऱ्यांचे फोन ऐकायची सवय किती वर्षांची, असं विचारलं. लोक हसले. मी म्हटलं, तेहेतीस. आणि हा फोन दुसऱ्याचा नव्हता, माझा होता. मग म्हणाला, भाचीवर एवढा जीव होता तर ठेवलात कसा? मी ते सांगितलं, लाजेचं. तेव्हा हसणं थांबलं. शेवटी त्याने घड्याळाचा विषय काढला. म्हातारीच्या कानात वाजलेल्या ठोक्यांवर एका माणसाला शिक्षा द्यायची का, असं ज्यूरीकडे बघून म्हणाला.

बर्गा चर्चची टोपी घालून आली होती. तिने सांगितलं की घड्याळ माझं आहे, चार मिनिटं पुढे आहे, आणि ते ज्या भिंतीवर आहे तिच्याखालीच मी फोन धरून उभी होते. मग तिने उरलेलं सांगितलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शांततेपर्यंत. मी ते इथे लिहिणार नाही, तू विचारूही नकोस. वकिलाने तिला विचारलं की शेवटी काय ऐकू आलं, तेव्हा ती म्हणाली, माझंच घड्याळ.

तिच्यानंतर आणखी दोघी उभ्या राहिल्या. तीन जणी घरी राहिल्या. स्टेफानिया कोर्टात होती, पण उठली नाही. मी तिचं नाव घेतलं नाही. सगळे गप्प झाले की तिचा श्वास ऐकू येत होता, तेवढं पुरे होतं.

दोस्तांपैकी एकाने कबूल केलं की बाल्डी बर्फावर आला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. खून म्हणायला ज्यूरी तयार झाली नाही. रागाच्या भरात हातून मृत्यू, असं ठरलं. अकरा वर्षं. न्यायाधीश म्हणाले, एरवी हा सालस माणूस आहे. एरवी! त्या एका शब्दासाठी मला जागेवरून उठावंसं वाटलं आणि बर्गाने माझा कोट धरला. पण लीना त्याच्याकडे जाणार नाही. ते कागदावर आलं आहे.

तारेवर आता एक ठरलं आहे. पाच आखूड ही कुणाच्याच घराची घंटी नव्हती. ती वाजली की ऐकत बसायचं नाही, बूट घालून निघायचं. बर्गाने प्रत्येक घरी जाऊन सांगितलं, स्टेफानियाच्याही. अजून वाजलेली नाही.

लीनाचे गरम कपडे, दोन बाहुल्या आणि डीसाची दुलई बांधून ठेवली आहे. डावही मागते आहे, तो देऊ का?

तुझी म्हणून सही करायचा हक्क उरला आहे की नाही, ते तूच ठरव.
लौगा

•

विनिपेग
१ जून १९५८

ति. लौगामावशीस सा. न. वि. वि.

दोन महिने मी हे मायन्याचे चार शब्द लिहून पुढे काही न लिहिता कागद फाडत होते. आज पुढे लिहिते.

लीना खिडकीजवळच्या खाटेवर झोपते. डाव तू दिलास ते बरं केलंस, तो उशाशी असतो. आमच्या घरमालकिणीकडे फोन आहे, त्याला तार एकाच घराची. पहिल्यांदा वाजला तेव्हा लीना पलंगाखाली गेली. मी तिच्याशेजारी फरशीवर पडून राहिले, बराच वेळ.

त्या अकरा वर्षांच्या शिक्षेचा राग गेलेला नाही. डीसा सत्तावीस वर्षांची होती. तिचं सगळं आयुष्य गेलं आणि त्याची अकरा वर्षं, त्यातलीही चांगल्या वागणुकीची वजा होतील. चांगली वागणूक तर त्याला जमतेच, सगळ्या गावाने इतकी वर्षं पाहिली आहे. हे मी वर्तमानपत्राला लिहून पाठवलं, त्यांनी छापलं नाही. पुन्हा पाठवते आहे.

तुला माफ केलं का, असं तू विचारलं नाहीस, ते बरं झालं. मला अजून त्या दुपारची कॉफी सहन होत नाही. पण त्या खोट्याच्या आत तू आरामात राहू शकली असतीस, मला कधीच कळलं नसतं, आणि तू राहिली नाहीस. हेही मी दिसतं तसं लिहून ठेवते.

काल संध्याकाळी लीना डाव कानाला लावून उभी होती. मग तिने डाव टाकून दिला, दाणकन, आणि बूट शोधायला लागली. उलटसुलट घातले, दार उघडलं, जिन्यावर गेली. कुठे निघालीस म्हणून मी विचारलं. म्हणाली, पाच आखूड वाजली, जायला पाहिजे. हे तू तिला शिकवलंस, मला न सांगता.

शाळा नाही तोवर जुलैमध्ये तिला महिनाभर तुझ्याकडे पाठवते. शनिवारच्या बसने येऊ. मी दोन दिवस राहीन. डीसाच्या कबरीवर तिघी जाऊ.

लोभ आहे. पूर्वीइतका व्हायला अवकाश आहे, पण तो तुटलेला नाही.

तुझी,
रूना

ता. क. बर्गाला म्हणावं, घड्याळ चार मिनिटं पुढेच राहू दे.